प्रति: पहिलं पेडल कोणतं घ्यावं?
दादा, इलेक्ट्रिक गिटारसाठी पहिलं पेडल (पायाने चालू-बंद करायची, गिटारचा आवाज फाटवणारी डबी) म्हणून बॉस कंपनीचं डीएस-वन घ्यावं की एसडी-वन, असं तुम्ही विचारलंय. माझं मत एसडी-वनला.

1978 चं डीएस-वन गिटारच्या सिग्नलचे उंच टोक डायोडवर (ठरावीक पातळीच्या वर सिग्नल जाऊ न देणारा छोटा भाग) थेट कापतं, त्यातूनच फाटका आवाज येतो. तार हळू छेडा नाहीतर जोरात, आवाज जवळपास तेवढाच दाट. 1981 च्या एसडी-वनमध्ये डायोड ऑप-अँपच्या (सिग्नल वाढवणारी चिप) फीडबॅकमध्ये, म्हणजे चिपमधून बाहेर पडलेला सिग्नल परत आत नेणाऱ्या वाटेवर आहेत, एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला एक. त्यामुळे कापणी मऊ होते आणि हाताचं वजन ऐकू येतं.

इथे सांगलीत गणपतीच्या कार्यक्रमात मी डीएस-वनचा डिस्टचा (आवाज किती फाटवायचा त्याचा) नॉब पूर्ण फिरवून वाजवायचो. घरी भारी वाटायचं, पण ड्रम-कीबोर्ड सुरू झाले की गिटार गायब! कारण त्याच्या टोन सर्किटमध्ये मधल्या पट्टीचा आवाज (ना खर्ज, ना तीव्र) खाली बसतो. एसडी-वन लावलं, ड्राइव्हचा (फाटवण्याचा) नॉब घड्याळातल्या 9 च्या जागी, लेव्हलचा (आवाजाचा) 2 च्या जागी, टोन मधोमध, आणि सोलो मागच्या रांगेपर्यंत पोचला. (मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढताना, म्हणजे तारांखालची घोडी बारीक घासून आवाज जुळवताना बघा एकदा, नॉबही तसाच केसभर फिरवायचा असतो.)

हेवी मेटलच (खूप फाटक्या, जड गिटारचं रॉक) वाजवायचं असेल तर मात्र एसडी-वन एकटं पुरणार नाही.

अ‍ॅडॉप्टर 9 व्होल्टचा, मधली पिन निगेटिव्ह असलेलाच घ्या.