आधी कागद, मग अक्षता: पीआरसाठी लग्न दोनदा लावावं का?

गुहागरचा मामा

भाचीचं लग्न ठरलंय. मुलगा मूळचा दापोलीकडचा, नोकरी टोरांटोजवळ, कॅनडाचा पीआर, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी. मुलाकडचे म्हणतात, लग्न मेमध्ये थाटात करूच, पण गणपतीला मुलगा येतोय तेव्हा देवळात हार घालून ग्रामपंचायतीत नोंदणी उरकून टाकू. दाखला हातात आला की तो तिकडून बायकोला बोलावून घ्यायला स्पॉन्सरशिपची फाइल टाकणार. मेमध्ये अक्षता पडेपर्यंत निम्मं काम झालेलं असेल.

मला हे पटत नाही. कागद झाला की कायद्याने ती त्याची बायको, आणि घरात मात्र अजून लग्नाची मुलगी. साखरपुडा मोडला तर वाडीत चार दिवस बोलतात आणि विसरतात. इथे फेब्रुवारीत काही बिनसलं तर थेट घटस्फोट. तोही दोघांच्या संमतीने घ्यायचा म्हटलं तरी आधी वर्षभर वेगळं राहायचं आणि अर्ज केल्यावर सहा महिने थांबायचं, कोर्टाने माफ केले तरच ते सहा महिने सुटतात. आठ महिने लवकर विमानात बसायला मिळावं म्हणून पोरीने हा धोका का घ्यायचा? घाई तिला नाही, फाइलीला आहे.

माझ्या मते मुलीकडच्यांनी सरळ नाही म्हणावं. कुणाचं वेगळं मत असेल तर बोला.

ओंटारियोतला चाकरमानी

मामा, रागावू नका, पण हे मुंबईला मुलगी देतानाचे हिशेब झाले. मी स्वतः हेच केलं. नोव्हेंबरात नोंदणी, एप्रिलात लग्न, आणि पुढच्या दिवाळीला बायको इथे. मेमध्ये लग्न करून मग फाइल टाकलीत तर लग्नाचं पहिलं वर्ष दोघांनी व्हिडिओ कॉलवर काढायचं. त्यात कुठलं सुख?

आणि कॅनडात बायकोची बाजू कमकुवत नसते. 2012 ते 2017 दरम्यान नव्या जोडप्यांना दोन वर्षं एकत्र राहण्याची अट होती, ती 2017 मध्ये काढून टाकली. आता बायको उतरते तीच पूर्ण पीआर घेऊन. उलट नवऱ्याने तीन वर्षं तिचा खर्च उचलण्याची हमी दिलेली असते, आणि मध्ये फाटलं तरी ती हमी सुटत नाही. अमेरिकेत लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत बायको पोचली तर तिचं ग्रीन कार्ड दोन वर्षांपुरतं सशर्त असतं, नंतर अट काढायला पुन्हा अर्ज. म्हणजे तिथे तर लग्नाची तारीख जितकी जुनी तितकं बरं.

तळकोकणी

आमच्या वाडीत एकीचा असाच झाला. कागद झालो, घोव गेलो विमानान. वरीसभर लोका इचारतत, "गो, तुझा लगीन झाला काय व्हवचा आसा?" मंगळसूत्र घालूचा तर लगीन व्हवचा आसा, नाय घालूचा तर लगीन झालेला आसा. शेवटी तिना बाजारात जाणाच सोडल्यान. फाइल तिकडे टोरांटोत, आणि उत्तरा देवची हिणा हकडे.

वकील नव्हे, वकिलाची बायको

बाजारातल्या प्रश्नांचं सोडा, ते लोक कशालाही विचारतात. मुलाकडच्यांच्या बेतात कायद्याचीच गोची आहे.

एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर नेमकं असंच प्रकरण आलं होतं. दोघंही वैमानिक. विधी नंतर करू म्हणून आधी एका संस्थेचं प्रमाणपत्र घेऊन नोंदणी केली, पुढे विधी झालेच नाहीत, भांडणं सुरू झाली. न्यायालयाने सांगितलं की हिंदू विवाह कायद्यात विधी हेच लग्न, नोंदणी हा फक्त त्याचा पुरावा. विधीच नाहीत तर प्रमाणपत्राने लग्न होत नाही. व्हिसासाठी वेळ वाचावा म्हणून अशी आधीच नोंदणी करायची जी पद्धत पडली आहे, तिच्यावरही निकालात ताशेरे आहेत.

आता तुमचा बेत बघा. विवाह नोंदणीच्या नमुना 'ड' वर भटजींची सही लागते. नुसता हार घालून भटजींना सही करायला सांगायचं म्हणजे न झालेल्या विधींची साक्ष द्यायला लावायचं. आणि तोच कागद परदेशी सरकारपुढे 'आमचं लग्न झालंय' म्हणून ठेवायचा! मामा, घटस्फोटाची भीती तुम्ही घालताय, पण त्याआधी लग्न झालं का हाच प्रश्न आहे.

आधी कागद हवाच असेल तर विशेष विवाह कायदा, 1954 आहे. तिथे विवाह अधिकाऱ्यासमोर तीन साक्षीदारांच्या सह्या झाल्या की तेच लग्न, सप्तपदी लागत नाही. मात्र 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते, आणि दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात नोटिशीआधी किमान 30 दिवस राहिलेला असावा लागतो. मुलगी गुहागरातच आहे, ती अट भागते. गणपतीत आला आणि गौरी-विसर्जनाला सही करून गेला, असं मात्र जमणार नाही.

ओंटारियोतला चाकरमानी

ताई, हा निकाल मला माहीत नव्हता. आमचं त्याआधीचं. आमच्याकडे घरीच भटजी बोलावून होम, सप्तपदी सगळं केलं होतं, माणसं फक्त अकरा. त्यामुळे बहुतेक वाचलो.

पण गंमत ऐका. कॅनडाच्या फाइलीत 5532 नंबरचा फॉर्म असतो, त्यात लग्नाला कोण आलं, आईवडील होते का, पहिल्यांदा भेटलात कधी, सगळं विचारतात. आम्ही लग्नाची तारीख नोव्हेंबरची लिहिली आणि फोटो जोडले एप्रिलचे, कारण चांगले तेच होते. हॉल, चारशे माणसं, नऊवारी, मुंडावळ्या. पत्रिकेवर 'शुभविवाह' आणि एप्रिलची तारीख. दुसऱ्या सरकारच्या माणसाने यातून काय समजावं? मग पानभर खुलासा लिहिला. नोव्हेंबरचे जे सात फोटो होते ते आईने ट्रंकेत ठेवलेले, पावसाळ्यात एकमेकांना चिकटलेले. वाफेवर धरून सोडवले, तरी दोघांच्या तोंडावर बुरशीचे ठिपके राहिलेच. तेच पाठवले, मागे पेन्सिलीने कोण कुठे उभं आहे ते लिहून.

तरीही सांगतो, आधी करा. फक्त खरं लग्न करा, लहान करा.

खाडीपट्ट्यातला चाचा

तुम्ही लोक याला नवीन समजताय. आमच्याकडे निकाह आधी आणि रुखसती, म्हणजे मुलीची पाठवणी, नंतर, हे बापजाद्यांपासून चालत आलंय. मुलगा कुवेतला, मुलगी माहेरी, दोघांच्या मध्ये दोन वर्षं. कुणी बोट दाखवत नाही, कारण सगळ्या जमातीला माहीत असतं की निकाह झालाय. तुमच्याकडे अडचण कागदाची नाही, चोरून केल्याची आहे. गावजेवण घाला, मग बघा कोण विचारतं ते.

एक मात्र सांभाळा. पूर्वी खाडीवाल्यांचे निकाह फोनवरही लागले आहेत. ते तिथे चाललं, कारण आखातात पीआर वगैरे भानगडच नव्हती, नोकरी आहे तोवर बायकोचा व्हिसा. कॅनडाने 2015 पासून फोनवरचं, इंटरनेटवरचं, प्रतिनिधीमार्फतचं लग्न स्पॉन्सरशिपला धरायचं बंद केलंय. नवरा-नवरी दोघं हजर पाहिजेत.

जर्सी सिटी ते जैतापूर

मुलगा आधीच पीआर आहे म्हणून तुमची चर्चा सोपी आहे. ज्याचं अजून व्हायचंय त्याचं बघा.

अमेरिकेत नोकरीवरून ग्रीन कार्ड मिळणाऱ्या मुलाने कार्ड हातात यायच्या आधी लग्न केलं असेल तर बायकोला त्याच्याच रांगेतल्या जागेवर मागून येता येतं. नंतर केलं तर नवी याचिका आणि वर्षाला ठरावीक व्हिसांची रांग. नवरा नागरिक असेल तर ही मर्यादा नाही, पण ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोला आहे. एका आठवड्याच्या फरकाने वर्षं वाढलेली मी पाहिली आहेत. इथे तुमचा 'घाई फाइलीला' हा मुद्दा टिकत नाही, मामा. फाइलीची घाई तीच पोरीची घाई.

कॅनडात उलटी गोम आहे. मुलाचा पीआर चालू असताना कागदावर लग्न केलं आणि 'अजून खरं लग्न कुठे झालंय' म्हणत फॉर्मवर अविवाहित लिहिलं, तर पुढे त्याच बायकोला कुटुंबीय म्हणून नेता येत नाही. 2019 मध्ये काही जणांसाठी तात्पुरती सवलत सुरू झाली होती, पण त्या भरवशावर खोटं लिहू नका. मामा, मुलाचा पीआर नेमका कधी झाला ते विचारून घ्या.

बंदरावरची नर्स

मी लंडनजवळ, नवरा माझ्यामागून आला. सगळे मुलगीच जाणार असं धरून चाललेत म्हणून लिहिते. ब्रिटनच्या स्पाउस व्हिसाला, म्हणजे नवरा-बायकोच्या व्हिसाला, वर्षाच्या पगाराची अट एप्रिल 2024 मध्ये 18,600 पौंडांवरून 29,000 वर गेली. पक्का मुक्काम पाच वर्षांनी.

दुसरं म्हणजे नाव. आमच्याकडे लग्नात तांदळावर नवीन नाव लिहितात, आणि मधलं नाव बापाचं जाऊन नवऱ्याचं येतं. शाळेचा दाखला एका नावाचा, पासपोर्ट दुसऱ्या, विवाहाचा दाखला तिसऱ्या. 'ही तीन बायका आहेत का एकच' हे पटवायला प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं. पासपोर्टवर नाव बदलायची सक्ती नाही. तांदळावर काय हवं ते लिहा, दाखल्यावर पासपोर्टचंच लिहा.

गुहागरचा मामा

सगळं वाचलं. काल मुलाला फोन केला. पीआर मागच्या वर्षीचा, तेव्हा ठरलंही नव्हतं, त्यामुळे अविवाहित लिहिलं ते खरंच आहे. देवळातला हार आणि नमुना 'ड' हा बेत रद्द. वैमानिकांचा निकाल सांगितल्यावर त्याचे वडीलही गप्प झाले.

माझं मत अजून तेच आहे, मेमध्ये एकदाच करा. पण भाचीने रात्री हा सगळा धागा माझ्याच मोबाइलवर वाचला आणि सकाळी म्हणाली, "मामा, मला विशेष विवाह कायद्याने आधी करायचंय, आणि गावजेवण घालूनच." मुलगा सुट्टी वाढवून घेतोय, ती रत्नागिरीच्या विवाह अधिकाऱ्याकडच्या नोटिशीची कागदपत्रं जमवतेय. तीन साक्षीदार लागतात. तिचे बाबा, त्याचा भाऊ, आणि तिसरा मी.