हजार ग्रह आणि एकच प्रयोगशाळा: गेमची किंमत तासांवर ठरवावी का?

रातकिडा

कोणत्याही नव्या गेमबद्दल बोलणे निघाले की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती तासांचा आहे? दुधात पाणी किती याची चौकशी न करता लिटरवर भाव ठरवावा, तसा हा प्रकार आहे. गेमने माझे किती तास घेतले यापेक्षा त्या तासांत माझ्याकडून काय करून घेतले हे पाहिले पाहिजे असे माझे मत आहे, आणि या कसोटीवर गेल्या काही वर्षांतले फार गाजलेले गेमही नापास होतात.

बेथेस्डा कंपनीचा अवकाशप्रवासाचा गेम ‘स्टारफील्ड’ घ्या. ६ सप्टेंबर २०२३ रोजी तो आला तेव्हा एक हजाराहून अधिक ग्रह हीच त्याची जाहिरात होती. मी तो साठ तास खेळलो. विसाव्या तासाच्या सुमारास एका बर्फाळ ग्रहावर मला ओसाड पडलेली एक क्रायो लॅब, म्हणजे अतिथंड प्रयोगशाळा, सापडली आणि मी हरखून गेलो: गोठलेली दालने, जमिनीवर पडलेली प्रेते, इथे काय घडले असावे याचा अंदाज देणाऱ्या चिठ्ठ्या. पुढे दुसऱ्या सूर्यमालेत तीच लॅब पुन्हा भेटली. तेच प्रेत, त्याच जागी, आणि शेजारी तीच चिठ्ठी. तिसऱ्यांदा भेटली तेव्हा कुठल्या कपाटात औषधे आहेत हे मला पाठ झाले होते. खेळाडूला खास शक्ती देणाऱ्या देवळांचेही तेच आहे. चोवीस शक्ती मिळवायच्या असतील, तर प्रत्येक देवळात तरंगत तरंगत चमकणाऱ्या ठिपक्यांमधून जायचे, मधली गोल कडी फिरण्याची वाट पाहायची आणि बाहेर पडायचे. पहिल्या देवळात जे केले त्यापेक्षा तसूभरही वेगळे पुढच्या देवळांत करावे लागत नाही.

योगायोग असा की बरोबर एका वर्षाने, ६ सप्टेंबर २०२४ ला, टीम असोबीचा ‘ॲस्ट्रो बॉट’ आला. मुख्य खेळ दहा-बारा तासांत संपतो. त्यात एका लेव्हलमध्ये उंदराच्या आकाराचे एक यंत्र पाठीला लागते आणि बटण दाबले की आपला रोबो ॲस्ट्रो क्षणात इवलासा होतो, मग फटींतून आणि भोकांतून वाट काढायची. दुसऱ्या एखाद्या कंपनीने एवढ्या एका कल्पनेवर अख्खा गेम काढला असता. इथे ती थोडा वेळ वापरून बाजूला ठेवतात आणि पुढची कल्पना हाती देतात. ४ सप्टेंबर २०२५ ला आलेल्या ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’बद्दलही मी हेच म्हणेन. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टीम चेरीच्या मूठभर माणसांनी सात-आठ वर्षे खपून केलेला आणि वीस डॉलरला विकलेला हा गेम प्रचंड मोठा आहे, परंतु त्यात एकही खोली भरताड म्हणून ठेवलेली मला दिसली नाही.

उंबरठा

रातकिडा, ‘स्टारफील्ड’वरचे आपले आक्षेप खोटे नाहीत, पण आपण तो ज्या अपेक्षेने खेळलात तीच मला मान्य नाही. अवकाश रिकामेच असते. कोणत्याही टेकडीमागे हटकून काहीतरी सापडावे ही सवय आपल्याला बेथेस्डाच्याच जुन्या ‘स्कायरिम’ने लावली, आणि तीच घेऊन आपण ‘स्टारफील्ड’मध्ये उतरलो. चंद्रावर उतरलेल्या अंतराळवीरांना तिथे काहीच नव्हते म्हणून कंटाळा आला नाही, अशी बाजू कंपनीच्या लोकांनीही मांडली होती. त्यावर बरेच लोक हसले. मी हसलो नाही.

मी दीडशे तास खेळलो आणि त्यांतले निदान चाळीस तास जहाज बांधण्यात घालवले. इंजिन मागे न्यावे तर जहाजाचे वजन कसे सांभाळायचे, मालाचे कोठार कुठे बसवायचे, दोन मजल्यांमध्ये शिडी कुठे येईल, हे जुळवता जुळवता रात्री दोन कधी वाजले कळायचे नाही. हा वेळ गेमने माझ्याकडून उकळला नाही, मी आपखुशीने दिला. देवळांबद्दल मात्र मी आपल्याशी सहमत आहे, त्यांचे समर्थन त्यांच्या जन्मदात्यांनाही करता येणार नाही. त्याहून मोठा दोष म्हणजे एवढे ग्रह देऊनही पहिले जवळपास वर्षभर जमिनीवर फिरायला एक गाडी दिली नव्हती. ती ऑगस्ट २०२४ मध्ये आली, आणि ती आल्यावर हा गेम मला आधीपेक्षा बराच बरा वाटला.

गणिताची वही

इथले दोन्ही सदस्य नोकरदार दिसतात, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. मी वसतिगृहात राहतो. प्लेस्टेशन ५ चा मोठा नवा गेम आपल्याकडे ४,९९९ रुपयांना येतो आणि माझी महिन्याची मेस त्याहून थोडीच महाग आहे. मी वर्षाला एक, फार तर दोन गेम विकत घेतो. तेव्हा दहा-बारा तासांत संपणारा ‘ॲस्ट्रो बॉट’ घ्यायचा की शंभर तास पुरणारा दुसरा एखादा, हा माझ्यासाठी सौंदर्यशास्त्राचा प्रश्न राहत नाही.

गेमने आपल्या वेळेचा मान राखावा हे वाक्य ज्यांच्याकडे पैसा आहे आणि वेळ नाही त्यांचे आहे. माझ्याकडे नेमके उलटे आहे. ‘बाल्डर्स गेट ३’ मी ऑगस्ट २०२३ पासून आजवर चार वेळा खेळलो, चारही वेळा वेगळ्या पात्राने. तिसऱ्या अंकात शहरात शिरल्यावर माझ्या जुन्या लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो आणि शेवटच्या काही कथा घाईत गुंडाळल्यासारख्या वाटतात, हे मान्य आहे. तरीही एका खरेदीत चार खेळ मिळाले. तासांचा हिशेब मी करतो आणि त्याची मला लाज वाटत नाही.

पोफळी

धागाकर्त्यांचा मुद्दा मला पटत होता, पण ‘सिल्कसाँग’चे नाव आले आणि गाडी रुळावरून घसरली. ज्या कसोटीवर ‘स्टारफील्ड’ नापास झाला, त्याच कसोटीवर ‘सिल्कसाँग’ पहिल्या वर्गात कसा उत्तीर्ण होतो, हे त्यांनी समजावून सांगावे.

‘लास्ट जज’ या बलाढ्य शत्रूपर्यंतची वाट आठवा. जिथे खेळ जतन होतो त्या बाकावरून उठायचे, अंगावर येणारा वारा सांभाळत कड्याकड्यांवरून उड्या मारायच्या, वाटेतल्या शत्रूंना चुकवायचे, मग लढाईला सुरुवात. हरलात की पुन्हा बाकावर. नायिका हॉर्नेटकडे सुरुवातीला पाच मुखवटे, म्हणजे पाच जीव, असतात आणि हे महाशय एका फटक्यात दोन उडवतात, म्हणजे तीन चुकांत खेळ आटोपतो. कसाबसा जिंकलात तर शेवटी त्याचा स्फोट होतो आणि त्यात सापडलात तर जिंकूनही मेलात. विसाव्यांदा तोच कडा चढताना मी नवीन काय शिकत होते? तीच लॅब तिसऱ्यांदा पाहणे जर वेळेचा अपव्यय असेल, तर तीच वाट विसाव्यांदा तुडवणे म्हणजे काय?

त्यात काही ठिकाणी बसायलासुद्धा जपमाळेचे मणी, म्हणजे गेममधले चलन, मोजावे लागतात. ‘हंटर्स मार्च’ या भागातला तो बाक तर मी विसरणे शक्य नाही. अर्धा तास जीव मुठीत धरून तिथवर पोचले, हुश्श करून बसले, तर तो बाकच सापळा निघाला. लोक याला विनोद म्हणतात. पाहुण्याला पाट मांडावा आणि तो टेकत असताना खालून काढून घ्यावा, त्या जातीचा हा विनोद आहे.

रातकिडा

पोफळी, बाकाच्या विनोदावर मी मोठ्याने हसलो होतो, त्यामुळे तिथे माझी साक्ष निरुपयोगी आहे.

वाटेबद्दल मात्र माझे उत्तर असे आहे: पहिल्यांदा त्या कड्यांवरून जाताना मी तीन वेळा पडलो, दहाव्या वेळी एकदाही न थांबता गेलो. तिरकी झेप कुठून घ्यायची हे हातांना कळत गेले आणि तेच पुढे लढाईत उपयोगी पडले. क्रायो लॅबच्या दुसऱ्या भेटीत माझ्यात असा काहीच फरक पडला नव्हता. पुनरावृत्ती दोन्हीकडे आहे, पण एकीकडे खेळणारा बदलतो. तबल्यावर तोच कायदा महिनाभर घोटणे आणि तीच ध्वनिफीत महिनाभर ऐकणे या दोन गोष्टी एका तागडीत घालता येत नाहीत.

गणिताची वही, आपला मुद्दा मी लिहिण्यापूर्वी विचारात घ्यायला हवा होता. तो बरोबर आहे. तरी एक गोष्ट पाहा, आपण ज्याचे कौतुक केलेत तो ‘बाल्डर्स गेट ३’ लांब आहे म्हणून आपल्याला आवडलेला नाही. चारही वेळा वेगळे काही घडले म्हणून आपण चार वेळा खेळलात.

चौथी घंटा

तबल्याची उपमा छान आहे, पण रियाज कुठे संपतो आणि छळ कुठे सुरू होतो हे ती सांगत नाही. शिवाय गेम आल्यावर काही दिवसांतच टीम चेरीने स्वतःच पॅच (गेममधली दुरुस्ती) काढून ‘मूरविंग’ आणि ‘सिस्टर स्प्लिंटर’ या सुरुवातीच्या दोन लढती सौम्य केल्या. बनवणाऱ्यांनीच माप चुकल्याचे मान्य केल्यावर आपण का भांडतो आहोत?

मला आणखी एका लाडक्या बाळाबद्दल बोलायचे आहे. फ्रान्समधल्या माँपेलिएच्या सँडफॉल इंटरॲक्टिव्हचा ‘क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्स्पिडिशन ३३’ २४ एप्रिल २०२५ रोजी आला आणि वर्षअखेरीस ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. त्याची कल्पना विलक्षण आहे: दूरवरच्या शिलेवर दरवर्षी एक आकडा रंगवला जातो, दरवर्षी तो एकाने उतरतो आणि त्या वयाची माणसे फुलांच्या पाकळ्यांसारखी विरून जातात. पहिल्या अर्ध्या तासातला तो निरोपाचा प्रसंग पाहून मी खेळ थांबवला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

पण लढाईच्या रचनेबद्दल जे कौतुक झाले ते मला अनाठायी वाटते. आळीपाळीने चाल करण्याच्या प्रकारात डावपेच महत्त्वाचे असतात. इथे शत्रूचा प्रत्येक वार योग्य क्षणी बटण दाबून परतवता येतो आणि ते जमले की चिलखत, औषधे, बचाव यांचा विचार करण्याची गरजच उरत नाही. शत्रू हात उगारून मुद्दाम क्षणभर थबकतात, केवळ आपला अंदाज चुकावा म्हणून. याला बुद्धिबळ म्हणायचे की आट्यापाट्या? तिसऱ्या अंकात तर तोल पुरता सुटतो. आडवाटेची ठिकाणे प्रामाणिकपणे पालथी घालून मग शेवटच्या लढाईला गेलात, तर समोरचा खलनायक त्याचे भाषण संपण्याआधीच कोसळतो. जास्त वेळ देणाऱ्याला शिक्षा करणारा शेवट मी दुसरीकडे क्वचितच पाहिला आहे.

उंबरठा

चौथी घंटा, वार परतवणे ज्यांना जमत नाही अशांसाठी त्यात सोपी पातळी आहे, तिथे वेळ साधायला अधिक सवलत मिळते आणि डावपेचही उपयोगी पडतात. माझी तक्रार वेगळी आहे. आतल्या ठिकाणांचा नकाशाच दिलेला नाही, त्यामुळे सारख्याच दिसणाऱ्या खडकांमध्ये मी चकवा लागल्यासारखा फिरत राहिलो. शेवटाबद्दल आपण लिहिले आहे ते अगदी खरे आहे.

मंडईकर

सगळे मोठ्या गेमवर बोलत आहेत, म्हणून दोन छोट्यांची नावे घेतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये आला. राजस्थानी वाड्यांची आठवण देणाऱ्या वास्तू, दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून पुढे सरकणारी कथा, भावाला शोधायला त्रिशूळ घेऊन निघालेली एक डोंबारी मुलगी. आपल्या शहरातल्या लोकांनी केलेला म्हणून मी तो अभिमानाने घेतला, आणि अभिमान बाजूला ठेवून सांगायचे तर कॅमेरा स्थिर असल्यामुळे समोरचा कठडा किती लांब आहे हेच अनेकदा कळत नाही, आणि मी शत्रूंपेक्षा दरीच्या हातून जास्त वेळा मेलो. चार-पाच तासांनी कथा ऐन रंगात येते आणि तिथेच संपते. लहान असणे हा गुण आहे असे धागाकर्ते म्हणतील, पण लहान आणि अपुरा यांत फरक आहे. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी संवाद आले, ते मूळ इंग्रजीपेक्षा कानाला कितीतरी बरे वाटतात.

दुसरा ‘वेण्बा’, टोरांटोच्या व्हिसाई गेम्सचा, जुलै २०२३ चा. कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबाची गोष्ट, जेमतेम दीड तासाची. आईच्या फाटक्या वहीवरून पदार्थ करायचे. पहिलाच इडलीचा: पात्रातल्या ताटल्या अशा बसवायच्या की वाफ वरपर्यंत पोचेल. मी न अडखळता बसवल्या, कारण खळग्यावर खळगा आला की आमची आई ओरडायची. दीड तासात हे कुटुंब मला जितके कळले तितके शंभर तासांच्या कुठल्याच गेममधले कळले नाही.

गणिताची वही

मंडईकर, यात एक गंमत आहे. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर परत करता येतो. म्हणजे ‘वेण्बा’ शेवटपर्यंत खेळून, डोळे पुसून, पैसे परत मागता येतात. मी तसे करणार नाही, पण विक्रीचा नियमच दोन तासांच्या आतल्या खेळाला नमुना समजतो, तर माझ्यासारख्या ग्राहकाने तासांकडे पाहू नये असे कसे म्हणता?

रातकिडा

या नियमाकडे मी या बाजूने कधी पाहिले नव्हते. लहान गेम बनवणाऱ्यांवर तो अन्याय करतो, हे लक्षात आणून दिल्याबद्दल आभार, जरी आपण ते माझ्याविरुद्ध वापरले असले तरी.

पोफळी, आपल्या प्रतिसादानंतर काल रात्री मी जुनी नोंद बाजूला ठेवून ‘सिल्कसाँग’च्या नव्याने सुरू केलेल्या खेळात ‘लास्ट जज’पाशी पोचलो आणि घड्याळ लावून बसलो. अकरा प्रयत्नांत जिंकलो. प्रत्यक्ष लढाईत सतरा मिनिटे गेली आणि वाटेत बारा. सगळी वाट मला येत होती, हात शिकलेले होते, तरीही ती बारा मिनिटे लागलीच. माझा तबला इथे थोडा उतरला आहे हे कबूल करतो. क्रायो लॅबबद्दलचे मत बदललेले नाही.

पोफळी

बारा मिनिटांचा हिशेब दिलात, पण त्या वाटेवरच किती वेळा मेलात तो आकडा गाळलेला दिसतो.