परक्या शहरात आधी कोण बोललं, ते बघा

शाहूपुरी तिसरी गल्ली
आपल्या ह्या चर्चेत 'अंबाबाई पाठीशी' ह्या टोपणनावानं काल कुणीतरी लिहिलं की, परदेशात एकट्यानं जाताना हॉटेल, नकाशा, चौकशी ह्याचं ओझं घेऊ नये, अनोळखी माणसंच सांभाळतात आणि मदत नाकारणं म्हणजे त्यांचा अपमान. पहिल्यांदा पासपोर्ट हातात आलेली पोरं हे वाचून निघतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

अनोळखी माणसं मदत करतात, ह्यात वाद नाही. माणूस निवडतंय कोण, हा प्रश्न आहे. रस्त्यावरच्या गर्दीतून तुम्ही एकाला गाठून पत्ता विचारलात, तर तो नेमका लबाड निघायची शक्यता फार थोडी. पण जो त्याच गर्दीतून तुम्हाला हेरून "कुठले? एकटेच?" करत येतो, त्याची गोष्ट वेगळी. बँकॉकला ग्रँड पॅलेसच्या भिंतीपाशी नीटनेटक्या कपड्यातला माणूस सांगतो, आज सण आहे, राजवाडा बंद. लगेच टुकटुक ठरवून देतो, तीन देवळं फिरवायचे २०-३० बाट. एवढ्यात गाडीचं तेलसुद्धा सुटत नाही. चालकाची कमाई होते ती मधे थांबवलेल्या रत्नांच्या दुकानातून. राजवाडा सकाळी ८:३० ते दुपारी ३:३० उघडा असतो. तिकीट खिडकीपर्यंत स्वतः चालत जा. फसलात तर पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५.

इस्तंबूलमध्ये बूटपॉलिशवाल्याचा ब्रश तुमच्यासमोर पडतो. उचलून दिलात की उपकार फेडायला तो बूट घासायला बसतो आणि मग पैसे मागतो. इस्तिकलाल रस्त्याच्या आसपास एकट्या पुरुषाशी दोस्ती करून बारमध्ये नेतात, बिल भरल्याशिवाय बाहेर पडू देत नाहीत. ह्या सगळ्यात पहिली चाल समोरच्याची असते.

अंबाबाई पाठीशी
माझं लिखाण तुम्ही अर्धंच वाचलंत. आणि तुमचा नियम सगळ्या जगाला लावू नका. जपानमध्ये चालेल, तिथं माणूस आपणहून फारसं बोलत नाही. तुर्कस्तानात, इराणात पाहुण्याला आधी हाक मारणं हीच रीत आहे. दुकानदारानं चहा पुढे केला की त्यामागं माल खपवायची इच्छा असेलही, पण चहा प्यालात म्हणून गालिचा घ्यावाच लागतो असं नाही. दोन घोट घ्या, आभार माना, उठा. इराणात टॅक्सीवाला पैसे नको म्हणतो, त्याला तारोफ म्हणतात. आपल्याकडं बिल देताना "राहू दे की" होतं, तसंच. दोनतीनदा आग्रह करून पैसे द्यायचेच असतात. पहिल्या नकारावर खाली उतरून चालायला लागलं तर तो माणूस खरंच नाडला जातो. ह्या गोष्टी तुमच्या सावधगिरीच्या यादीत कुठं आहेत? हाक मारणारा प्रत्येक जण चोर धरलात तर तिथं कुणाशी बोलणारच नाही तुम्ही.

ताराराणी चौक
तुम्ही दोघांनीही फक्त पुरुषांचं लिहिलंय, त्याचा राग येतो. बाईला बारचं बिल ही शेवटची काळजी असते. एकट्या बाईनं मदत मागायची ती जागेवर खिळलेल्या माणसाकडं: औषधाचं दुकान, तिकीट खिडकी, हॉटेलचा काउंटर, पोरं बरोबर असलेली बाई. त्या माणसाला उद्याही तिथंच बसायचं असतं. "एकटीच आहे का" ह्याला उत्तर एकच: घरचे हॉटेलवर वाट बघतायत. हॉटेलचं नाव मात्र सांगायचं नाही. फोन हातात द्यायचा नाही, स्क्रीन दाखवायची. हॉटेलचं कार्ड तिथल्या लिपीत छापलेलं मागून घ्या, बॅटरी संपली तरी टॅक्सीवाल्याला दाखवता येतं.

दुबई मेट्रोत बायका आणि मुलांचा डबा वेगळा असतो, पुरुष शिरला तर १०० दिरहम दंड. टोकियोत बायकांचे डबे बहुतेक गर्दीच्या वेळेपुरतेच, फलाटावरची पाटी वाचून उभं राहा.

शाहूपुरी तिसरी गल्ली
ताई, जागेवर खिळलेला माणूस हा निकष माझ्यापेक्षा चांगला, मान्य. जपानात तर पोलिसांची कोबान चौकी त्याचसाठी असते: नकाशा घेऊन पत्ता दाखवतात, सापडलेल्या वस्तू जमा करून घेतात. तीन महिन्यांत मालक आला तर वस्तू परत, आणि कायद्यानं सापडवून देणाऱ्याला किमतीच्या ५ ते २० टक्के बक्षीस मागता येतं. म्हणजे तिथल्या चांगुलपणामागं यंत्रणा उभी आहे.

तुर्कस्तान-इराणचं म्हणाल तर तेवढी सूट देतो. हाक मारली म्हणून पळू नका. पण तुम्हाला आहे त्या जागेवरून दुसरीकडं न्यायला लागला, की थांबा. ह्यापुढं एक पाऊल मागं घेणार नाही.

राजारामपुरी आठवी गल्ली
अनोळखी लोकांचं काय घेऊन बसलाय भावांनो. खरा घोळ ओळखीचे लोक करतात. "दुबईला चाललाय न्हवं, एवढी पिशवी आमच्या पोराला द्या." त्यात कांदा-लसूण मसाला. मसाल्यात खसखस. अमिरातीत खसखस बंदी असलेल्या मालात मोडते, सिंगापूरलाही नेता येत नाही. खसखस म्हणजे अफूचं बी. आपल्याकडं १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानं अफूच्या बोंडातून बी वगळलंय, म्हणून किराणा दुकानात मिळते. तिथं तसं नाही. बोंडाचा चीक बियांना लागलेला असतो, त्यात मॉर्फीन-कोडीनचा अंश राहतो. बॅग ज्याच्या नावावर, जबाबदार तोच.

महाद्वार रोड
हे अती होतंय. शेजारची म्हातारी नातवासाठी पावशेर मसाला देते, तिच्यासमोर पिशवी उघडून चाळत बसायचं? कोल्हापुरात असली रीत नाही. विश्वासावरच गाव चाललंय.

राजारामपुरी आठवी गल्ली
मग तिकडं कोठडीत विश्वास कामाला येतो का बघा! चिडून लिहितोय, पण लिहिणार. पिशवी घ्यायची तर तिच्यासमोरच ताटात ओतायची. शिवलेलं, टेपनं गुंडाळलेलं काही घ्यायचं नाही. कारखान्यात बंद झालेला पुडा असेल तर मागची घटकांची यादी वाचायची. औषधाची पट्टी तर नाहीच: कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रामाडोल ही दुखण्यावरची गोळी, असल्यांना तिथल्या सरकारची आगाऊ परवानगी लागते, तीही ज्याचं औषध त्याच्या नावानं.

ताराराणी चौक
मसाला न्यायचाच असेल तर खसखस वगळून करा, बिघडत नाही. एक किलो मिरचीला साधारण ५० ग्रॅम खसखस पडते. तेवढे तीळ वाढवा आणि खोबरं जरा जास्त लाल भाजा. पांढऱ्या रश्श्याला दाटपणा हवा तर काजू आणि मगज बी. पण एक चूक सगळे करतात. घरी खसखस टाळतात आणि डंकावर जाऊन आधीच्या गिऱ्हाइकाच्या मसाल्यामागून आपला कांडून आणतात. उखळात मागचा मसाला राहतोच. सकाळचा पहिला घाणा आपला लावायचा, तोही डंकवाल्याकडून आधी पुसून घेऊन. शंका असेल तर घरच्या मिक्सरवर चार खेपा करा.

महाद्वार रोड
डंकाचं लक्षात आलं नव्हतं. बरं, ताटात ओतून घेतो. पण म्हातारीला कारण सांगूनच ओतणार, संशय म्हणून नाही.

अंबाबाई पाठीशी
माझा विषय मसाल्यात गेला. तरी एक दुरुस्त करतो. तयारी नको असं मी लिहिलं, ते चुकलं. पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाची प्रत वेगळ्या बॅगेत हवीच. पासपोर्ट हरवला तर पोलीस तक्रार, मग आपला दूतावास किंवा वाणिज्य दूतावास. तिथं नवा पासपोर्ट किंवा फक्त भारतात परतण्यापुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र मिळतं. त्या चौकीपर्यंत पोचवणारा मात्र बहुतेकदा अनोळखीच असतो, हे मी सोडणार नाही.

शाहूपुरी तिसरी गल्ली
पोचवू दे. चौकीचं नाव तुम्ही सांगा, वाट त्याला दाखवू दे.

गंगावेस तालीम
दिवाळीचा फराळ पाठवायचा होता दुबईला. त्यात काय धरायचं?

ताराराणी चौक
चकली, शंकरपाळी, चिरोटे चालतील. अनारसे नकोत, त्याच्या अंगालाच खसखस असते, डोळ्यांनी दिसते. करंजीच्या सारणात बहुतेक घरी पडते, करणारीला विचारल्याशिवाय डब्यात भरू नका. लाडू कुणाकडून आले असतील तर एक फोडून बघा.