ट्रम्पची लंडनवारी: टीव्हीवरची आणि रस्त्यावरची

प्रश्न: ४ जून २०१९ ला मी पार्लमेंट स्क्वेअरवर होतो. डोक्यावर लंगोटातल्या ट्रम्पबाळाचा सहा मीटर उंच फुगा. पुण्याहून आईचा फोन: "राणीची मेजवानी काय थाटाची रे!" निदर्शनं तिला दिसलीच नाहीत. असं का?

उत्तर १: मेजवानी आदल्या रात्रीची. हिरे, मुकुट दिसले की कॅमेरा हलतो होय?

उत्तर २: इतकंही नाही हं. ब्रिटनचे तेव्हाचे विरोधी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन मेजवानीला न जाता मोर्चात बोलले, ही बातमी सगळीकडे होती. ट्रम्पनी मात्र पत्रकार परिषदेत मोठ्या निदर्शनांना 'फेक न्यूज' ठरवलं.

प्रश्नकर्ता: आणि विमान उतरता उतरता महापौर सादिक खानना ट्वीटमधून शिव्या! आईला तेवढं बरोबर माहीत होतं.