टेक्निकल डायव्हिंग: इंदूरकरानं हा नाद करावा का?

रामबागी (धागाकर्ता):
अंदमानला, नेत्राणीला जाऊन डायव्हिंग शिकून आलेले इंदुरात आता बरेच भेटतात. १८ मीटरचा कोर्स, मग ३० चा, आणि तिथेच थांबतात. मला पुढचं शिकायचंय. हौशी डायव्हिंगची हद्द ४० मीटर. त्याच्या खाली जाणं, टप्प्याटप्प्यानं थांबतच वर यावं लागेल इतका वेळ खाली राहणं, किंवा डोक्यावर छत असलेल्या गुहेत शिरणं, हे सगळं टेक्निकल. घरी विषय काढला की "वेड लागलंय का?" आणि कारण विचारलं तर शार्क! शार्कचा इथे काडीचा संबंध नाही.

माझं मत: धोका आहे, पण तो मोजता येतो. वर मिनिटाला २० लिटर हवा लागत असेल तर ५० मीटरवर दाब सहापट, म्हणजे १२० लिटर. १२ लिटरचं सिलिंडर २०० बारला भरलं तर २४०० लिटर, म्हणजे जेमतेम २० मिनिटांत खडखडाट. म्हणून टेक्निकलवाले पाठीवर जोडसिलिंडर घेतात आणि गुहेत तिसऱ्या हिश्शाचा नियम पाळतात: एक हिस्सा जायला, एक यायला, एक अडचणीसाठी राखीव. अमेरिकी गुहा-डायव्हर शेक एक्सलींनी गुहांमधल्या मृत्यूंचा अभ्यास करून १९७९ साली असे नियम मांडले. २०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत अडकलेली १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक सापडले, ते हौसेनं गुहा धुंडाळणाऱ्या दोन ब्रिटिश डायव्हरांना. ती हौस वाया गेली म्हणायची का?

तुकोगंजकर:
अर्धीच गोष्ट सांगितलीत. हेच एक्सली १९९४ साली मेक्सिकोतल्या साकातोनच्या विवरात विक्रमी खोलीसाठी उतरले ते परत आले नाहीत. आणि थाम लुआंगमध्ये समन कुनान हे थाई नौदलाचे माजी कमांडो सिलिंडर पोहोचवून परतताना गेले. एकानं नियम लिहिले, दुसरा नौदलात तयार झालेला. आपण सुटीत जाणारे.

रामबागी:
एक्सली ३०० मीटरच्या मागे होते. मी ५०-६० म्हणतोय. एव्हरेस्टवरचे मृत्यू दाखवून कुणी सह्याद्री बंद करतं का?

भूलतज्ज्ञ_ताई:
तुलना चुकली, भाऊ. सह्याद्रीत दमलास तर दगडावर बसशील. इथे वाईट वाटलं की माणसाला वर पळावंसं वाटतं, आणि नेमकं तेच करायचं नसतं. दाबाखाली रक्तात आणि ऊतींत मुरलेला नायट्रोजन घाईनं वर आलं की बुडबुडे होऊन बाहेर पडतो. शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन हाल्डेननी बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ साली थांबत थांबत वर यायची कोष्टकं दिली. आज हिशोब मनगटावरचा कॉम्प्युटर करतो, पण नियम तोच.

"धोका मोजता येतो" याला माझा खरा आक्षेप मोजणाऱ्यावर आहे. साधारण ३० मीटरपासून नायट्रोजन दारूसारखा चढायला लागतो, आणि चढलेल्याला आपल्याला चढलंय हे कळत नाही. भूल देताना मी हे रोज बघते: पेशंट "मी जागा आहे" म्हणतो आणि पुढचं वाक्य पुरं होत नाही. तो गेज वाचेल, पण आकड्याचा अर्थ लागेलच असं नाही. यावर उपाय हीलियम मिसळणं, म्हणजे ट्रायमिक्स. तो आपल्याकडे आयात होतो, किंमत तुम्हीच विचारा.

आणि ऑक्सिजन. वर येताना नायट्रोजन लवकर धुवून काढायला शुद्ध ऑक्सिजन घेतात, पण तो ६ मीटरपर्यंतच. तेच सिलिंडर ५० मीटरवर चुकून तोंडात गेलं तर झटके येऊ शकतात, तोंडातलं रेग्युलेटर (श्वास घ्यायचं साधन) सुटतं आणि माणूस बुडतो. म्हणून प्रत्येक सिलिंडरवर खोलीचा आकडा ठळक लिहितात आणि बदलताना जोडीदारानं तो वाचायचा असतो. अशा अपघातांत बहुधा अनुभवी माणसानं एकदाच न वाचलेलं असतं.

पलासियाची_मासोळी:
ताई, मान्य. पण याचसाठी शिकायचं ना! मी टेक्निकलच्या कोर्सची पहिली पायरी केली आहे. खोली फारशी वाढली नाही, पण पाण्यात एका जागी न हलता तरंगणं, मास्क गेला तरी न घाबरणं, जोडीदाराकडे सतत लक्ष, हे तिथे आलं. त्याआधी मी प्रवाळावर लाथा मारत फिरायचे. कोणीही म्हणेल "आज नको" तर डायव्ह रद्द, कारण विचारायचं नाही, ही शिस्त मला फार आवडली. बक्षीस म्हणाल तर हेच. बुडालेली जहाजं नंतर.

नर्मदाकाठ:
सगळे धोक्यावर भांडताय, सरावावर कुणी बोलत नाही. डोक्यामागे हात नेऊन जोडसिलिंडरच्या गळणाऱ्या बाजूचा वॉल्व्ह बंद करणं काही सेकंदांत जमलं पाहिजे, आणि जमत राहिलं पाहिजे. इजिप्तमध्ये समुद्राकाठी दाहबला राहणारा आठवड्याला करतो. इंदूरकर कुठे करणार? चोरलच्या धरणात? जवळचा समुद्र खंभातच्या आखाताचा, तो इतका गढूळ की स्वतःचा पंजा दिसायचा नाही. वर्षातून एकदा जाणाऱ्यानं ३० मीटरवर सुखानं मासे बघावेत.

रामबागी:
वॉल्व्हचा सराव तरणतलावात होतो, खोली लागत नाही. वर्षभर तलावात घाम गाळायची तयारी आहे.

नर्मदाकाठ:
पाण्यात घाम? बरं. तलाव जोडसिलिंडर आत नेऊ देईल का ते आधी विचारून या.

तुकोगंजकर:
विम्याचंही बघा. अनेक प्रवास पॉलिसींत खोलीची मर्यादा असते. त्याखाली बुडबुडे झाले तर रीकम्प्रेशन चेंबरचा (पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करायच्या खोलीचा) खर्च पदरचा, आणि चेंबर प्रत्येक बेटावर नसतो.

भूलतज्ज्ञ_ताई:
आणि तुला रजा किती मिळते? थांबे घेत केलेल्या डायव्हनंतर निदान २४ तास विमानात बसायचं नाही. बुधवारी निघून रविवारी घरी येणारा माणूस शेवटच्या दिवशी कोपऱ्यात बसून राहील, की "एकच छोटी डायव्ह" म्हणेल?

रामबागी:
ताई, शेवटच्या दिवशी मी बेटावर मासे खाईन. ताटातले. पहिल्या पायरीच्या कोर्सला नाव घालतोय. हीलियमचं बोलणं त्यानंतर.

नर्मदाकाठ:
तलावाचं उत्तर आलं नाही अजून.