लिब्रिवॉक्सवर (फुकट ऑडिओबुक्सची साइट) कादंबऱ्या ऐकताना आवाज मध्येच बदलतो, काय करायचं?

मी एक जाडजूड जुनी इंग्रजी कादंबरी ऐकायला घेतली, पहिली चार प्रकरणं एका बाईंनी इतकी मस्त वाचली की काय सांगू आणि पाचव्याला अचानक भलताच माणूस, मागे पंख्याची घरघर, सगळा मूडच गेला. सगळी पुस्तकं अशीच असतात का?

पानवेडा:
नाही हो. तुम्ही ग्रुप रेकॉर्डिंग घेतलंय, त्यात प्रकरणं वाटून घेतात. सर्च करताना 'सोलो' निवडा, म्हणजे अख्खं पुस्तक एकाच आवाजात. गाजलेल्या कादंबऱ्यांची दोन-तीन व्हर्जन्स सहज असतात, पाच-दहा मिनिटं ऐकून मग ठरवा. मी तर आता वाचक बघूनच पुस्तक निवडतो, लेखक नंतर!

रातकिडा:
सगळे हौशी लोक आहेत, 2005 पासून फुकट वाचतायत, ऑडिशन वगैरे काही नसते, त्यामुळे थोडं सांभाळून घ्यायचं. पुस्तकं फक्त कॉपीराइट संपलेलीच, म्हणून नवीन काही शोधू नका. भाषांतरित असेल तर भाषांतरही जुनंच असतं, रशियन कादंबऱ्यांना ते जरा जड जातं (नावं लक्षात ठेवायची ते वेगळंच).

पानवेडा:
आणि हो, संथ वाचणारा असेल तर स्पीड 1.25 करा, फरक पडतो.

प्रश्नकर्ती:
सोलो सापडलं! त्याच बाईंच्या आवाजात नाहीये पण, हळहळ वाटतेय.