बडोदा, दांडिया बाजार : आधी पोटविभागणी की आधी प्लॅन मंजुरी? मदत हवी आहे

नमस्कार. बडोदा महापालिकेत किंवा वुडात (बडोद्याच्या नगरविकास प्राधिकरणात) बांधकाम परवानगीची कामं केलेल्या कुणाचा तरी सल्ला हवा आहे. रविवारी घरात सह्यांची बैठक आहे, म्हणून घाई.

दांडिया बाजारात आजोबांची जागा आहे, साधारण ६२० चौरस मीटर. रस्त्याला लागून पाच गाळे, मागे चौक आणि जुनं घर. घरात आई आणि आत्या राहतात. प्रॉपर्टी कार्डावर सिटी सर्व्हे नंबर एकच. नावं आई, आत्या आणि दोन चुलतभावांची. भावांनी बिल्डर आणलाय. गाळे पाडून तिथे कमर्शियल कॉम्प्लेक्स, तो भाग त्यांचा. मागचा घरासकट आमचा.

वाटणीला आमची ना नाही. खटकतंय ते बिल्डरचं म्हणणं : "आधी अख्ख्या प्लॉटवर रजाचिठ्ठी (बांधकाम परवानगी) काढू, जमीन मागाहून वाटणीपत्राने वेगळी करू." एफएसआय (जागेच्या प्रमाणात किती बांधकाम करता येतं ती मर्यादा) पूर्ण ६२० चौरस मीटरवर मोजून सगळा पुढच्या इमारतीत वापरला, तर मागच्या तुकड्याला काय उरणार? उद्या घर पाडून बांधायची वेळ आली तर आईला नवा प्लॅन मंजूर होईल का? शिवाय मागच्या जागेला स्वतःचा रस्ताच नाही. गाळ्यांच्या कडेने सव्वादोन मीटरची बोळ आहे, आणि नकाशात नेमकी तीच कॉम्प्लेक्सची बाजूची मार्जिन (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा) म्हणून दाखवली आहे. आमची वाट आणि त्यांची मार्जिन एकच पट्टी कशी असेल?

१९७६ च्या गुजरात नगररचना कायद्यात 'विकास' या शब्दाच्या व्याख्येतच जमिनीची पोटविभागणी धरलेली आहे. म्हणजे वाटणीपत्र नोंदवलं तरी परवानगीशिवाय महापालिकेच्या लेखी प्लॉट एकच राहणार, असा मी अर्थ लावतोय. चुकत असेन तर स्पष्ट सांगा.

एका कार्यालयात विचारून आलो. आर्किटेक्टला घेऊन या म्हणाले. आर्किटेक्ट बिल्डरचाच आहे. (दोन गाळे पागडीचे आहेत, पण ते भाडेकरू परत गाळा मिळणार म्हणून राजी आहेत.)

मुख्य प्रश्न हा : मागच्या प्लॉटचा एफएसआय आणि वाट राखून ठेवल्याचं वाटणीपत्रात लिहून भागतं, की ते मंजूर नकाशावरच यावं लागतं? आणि आई-आत्यांच्या सहीशिवाय अर्ज गेलाच, तर लेखी हरकत कुठे द्यायची, खंडेराव मार्केटमध्ये (महापालिकेच्या मुख्य कार्यालयात) की वॉर्ड ऑफिसात?

आत्या सही करायला तयार आहे. भावाच्या मुलांनी काही मागितलं तर तिने आजवर कधी नाही म्हटलेलं नाही, आणि मला तिला चुलतभावांविरुद्ध उभंही करायचं नाही. दोन भाग वेगळे दाखवून मंजूर झालेला एखादा नकाशा, नावं झाकून, कुणी दाखवू शकलं तर रविवारी तोच सगळ्यांपुढे ठेवेन.